तीन फळ्यांचं चित्र

कॅरी

अमेरिकेहून परत आलं की लोक पहिल्यांदा नायगऱ्याबद्दल विचारतात. मी नायगरा पाहिला नाही. उंच इमारतींच्या गच्चीवरही गेले नाही. अडीच महिने राहिले ते नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी नावाच्या गावात, मुलाच्या घरी, आणि त्यातले चार दिवस एक चित्र पाहायला जाण्या-येण्यात घालवले. लिहिण्यासारखे तेवढेच चार दिवस.

हे १९८६ सालातलं. सांगलीच्या मुलींच्या शाळेत एकोणतीस वर्षं चित्रकला शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. कोल्हापूरला शिकत असताना लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकात मी एक चित्र पाहिलं होतं, काळंपांढरं, पोस्टकार्डाएवढं. एक खोली, जमिनीवर बसून वाचणारी एक बाई आणि तिच्यासमोर पंखवाला देवदूत. मेरीला मूल होणार असा निरोप घेऊन देवदूत आलाय, एवढं मला कळलं होतं. पण माझा जीव जडला तो कोपऱ्यातल्या एका टॉवेलवर. खोलीच्या भिंतीत पाण्याची किटली टांगलेली होती आणि तिच्याशेजारी घड्या पडलेला टॉवेल. देवाच्या चित्रात टॉवेल कशाला, असं मी सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, "घर आहे ना ते. हात पुसायला नको?" त्या टॉवेलच्या चुण्या मी पेन्सिलीनं कितीदा काढल्या असतील. पुढे मुलींनाही काढायला लावल्या. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या एका म्युझियममध्ये आहे हे पुढे एका मासिकात वाचलं, आणि ते माझ्या लक्षात राहिलं होतं.

माझा मुलगा श्रीकांत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो. सून विद्या पुण्याची, एम.एस्सी. झालेली, पण तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. लग्नाला तीन वर्षं झाली होती. दर पंधरा दिवसांनी मी त्यांना पत्र लिहायचे आणि शेवटी एक ओळ ठरलेली असायची: "काही गोड बातमी असेल तर कळवा." जाताना डिंकाचे लाडू नेले आणि स्वतः विणलेलं एक टोपडं नेलं. पहिल्याच दिवशी ते विद्याच्या हातात दिलं. "छान आहे, आई," म्हणाली आणि कपाटात ठेवून आली. तिला लाज वाटली असेल असं मी समजले.

कॅरीत माझा जीव रमेना. घर मोठं, पण खिडकीतून बाहेर पाहिलं तर नऊ घरं आणि एकही माणूस नाही. सकाळी श्रीकांत गाडी काढून जायचा की संध्याकाळपर्यंत फक्त फ्रिजचा आवाज. एकदा पायी फिरायला निघाले तर फुटपाथच नव्हता. लोकांच्या हिरवळीच्या कडेनं चालले. एक गाडी थांबली आणि आतल्या बाईनं विचारलं, "तुम्हाला काही मदत हवीय का?" सांगलीत पायी चालणाऱ्या बाईला असं कुणी विचारलं असतं तर तिनं चप्पल काढली असती. मी घरी परतून मसाल्याचे डबे पुन्हा लावले. ते आदल्या दिवशीच लावलेले होते.

श्रीकांत न्यूयॉर्कला नेणार होता. पण कामाची काहीतरी डेडलाइन आली आणि त्यानं दोनदा कॅन्सल केलं. तिसऱ्यांदा कॅन्सल केल्यावर विद्या भाजी चिरता चिरता म्हणाली, "मी नेते आईंना. न्यू जर्सीला मावशीकडे राहू."

"साडेचारशे मैल? एकटी ड्राइव्ह करणार?"

"एकटी कुठे? आई आहेत ना."

मला साधी सायकल येत नाही. तरी ते ऐकून मला बरं वाटलं.

रस्त्यात

रविवारी सकाळी सहाला निघालो. विद्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, पाठ ताठ ठेवून गाडी चालवत होती. मोठे ट्रक बाजूनं गेले की गाडी हलायची आणि मी "हळू, हळू" म्हणायचे. तासाभरानं ती शांतपणे म्हणाली, "आई, हळू गेलं तर मागचा येऊन धडकेल." मग मी तोंड मिटलं आणि पायांनी ब्रेक दाबत बसले.

व्हर्जिनियात रस्त्याकडेला विश्रांतीची जागा होती. झाडं, लाकडी टेबलं, स्वच्छ संडास. तिथे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पलीकडच्या टेबलावर एक कुटुंब जेवत होतं. प्रत्येकाच्या हातात आपापलं सँडविच, कुणी कुणाला वाढत नव्हतं. खाऊन झाल्यावर त्यांनी टेबल पुसलं, कचरा पिंपात टाकला आणि गेले. आपल्याकडे वाढणारीनं शेवटी जेवायचं आणि टेबल कुणीच पुसायचं नाही. दोन्हीतलं कुठलं बरं याचा विचार करत मी विद्याला तिसरी दशमी वाढत होते आणि ती नको म्हणत होती.

तिथून तासाभरावर गाडीच्या पुढच्या झाकणातून वाफ यायला लागली. विद्यानं वेग कमी केला. नशिबानं पुढच्याच वळणावर पीच विकणारा एक ठेला होता. ठेल्यावरच्या बाईनं गाडी पाहिली, हातातली टोपली ठेवली आणि म्हणाली, "झाकणाला हात लावू नका, भाजेल. अर्धा तास बसा." तिनं आम्हाला सावलीत खुर्च्या दिल्या, एकेक पीच दिलं. पीचचा रस कोपरापर्यंत ओघळला. आपल्या आंब्यासारखंच, वाकून खावं लागतं.

"मुलगी का?" तिनं मला विचारलं.

"सून," मी म्हटलं. माझं इंग्रजी शाळेतलं, पण चालतं.

"नातवंडं?"

"अजून नाहीत," मी हसून म्हटलं. "वाट बघतेय."

विद्या उठली आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली. अर्धा तास अजून झाला नव्हता. मग बाईनं गाडीत पाणी ओतलं. मी पीचची पिशवी विकत घेतली, आम्ही निघालो, आणि पुढचे तीन तास विद्या रस्त्यावरच्या पाट्यांखेरीज काही बोलली नाही.

न्यू जर्सी

विद्याची मावशी, कुमुदताई, एका बँकेत काउंटरवर काम करतात. गोलमटोल, बोलघेवड्या. त्यांच्याकडे पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. त्यांनी भरीत केलं होतं. वांगं दुधीएवढं मोठं, पण चव मात्र पाण्याची. "इथलं सगळं दिसायला मोठं," त्या स्वतःच म्हणाल्या.

वाढता वाढता त्या विद्याला म्हणाल्या, "भात घे अजून थोडा. मागच्या वेळी उठून उभी राहिलीस की चक्कर यायची तुला. लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"हो," विद्या म्हणाली. "मावशी, लोणचं घरचं का?"

"मागच्या वेळी म्हणजे कधी?" मी विचारलं.

"मार्चमध्ये," कुमुदताई म्हणाल्या, आणि मग त्यांनी विद्याकडे पाहिलं. पापड भाजायचे राहिले म्हणून त्या आत गेल्या. पापड ताटात आधीच होते.

मार्चमधलं विद्याचं पत्र मला आठवत होतं. मावशीकडे आठ दिवस फिरायला आलेय, न्यूयॉर्क पाहिलं, असं लिहिलं होतं. मग आज सकाळी दशम्या खाताना ती मला का म्हणाली, की न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तिनं कधी पायच ठेवला नाही?  विचारायचं धाडस झालं नाही. त्या रात्री झोप अशी लागलीच नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं की सोमवारी म्युझियम बंद असतं. आम्ही आधी चौकशीच केली नव्हती. अख्खा दिवस मोकळा. कुमुदताई कामावर गेल्या. मी त्यांची सगळी भांडी घासली, मग गॅस घासला, मग खिडक्यांच्या काचा पुसायला घेतल्या. विद्या वरच्या खोलीत पडून होती. दोनदा जिना चढून दारापर्यंत गेले आणि परत आले. तिसऱ्यांदा दार वाजवलं.

"चहा घेतेस?"

"नको, आई."

मी खाली येऊन एकटीनं चहा घेतला.

टेकडीवर

मंगळवारी गेलो. शहराच्या अगदी उत्तरेला नदीकाठी टेकडी आहे, तिच्यावर जुन्या दगडांचं म्युझियम. युरोपातल्या पडक्या मठांचे खांब आणि कमानी जहाजानं आणून तिथे पुन्हा उभ्या केल्यात. आत गार होतं. मी चप्पल काढायला वाकले आणि विद्यानं माझा दंड धरला. "इथे काढत नाहीत." मूर्तींसमोरून बूट घालून लोक टकटक चालले होते. कुणी हात जोडत नव्हतं.

ते चित्र ज्या खोलीत आहे, तिथे शिरले आणि आधी मला ते दिसलंच नाही. मी भिंतभर मोठं काहीतरी शोधत होते. ते होतं जेमतेम दोन फूट उंच. आणि एक नव्हतं, तीन होती. बिजागऱ्यांनी जोडलेल्या तीन लाकडी फळ्या. कडेच्या दोन कपाटाच्या दारांसारख्या. घरातच ठेवून प्रार्थना करण्यासाठी केलेलं असणार, आपल्या देव्हाऱ्यासारखं. माझ्या पुस्तकात फक्त मधली फळी होती. पस्तीस वर्षं मी एक तृतीयांश चित्र पाहत होते.

आणि रंग. मी मेरीला मनात नेहमी पांढऱ्या कपड्यात पाहिलं होतं. तिचा झगा लाल होता, गडद, ओल्या कुंकवासारखा, आणि त्याच्या घड्या जमिनीवर पसरलेल्या. टॉवेल होता. त्याला निळे पट्टे होते. ते पट्टे काळ्यापांढऱ्या छपाईत मला करडे दिसले होते आणि मी ते सावली म्हणून काढत आले होते. एकोणतीस वर्षं मुलींना चुकीची सावली शिकवली. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

देवदूत येऊन पोचलाय, पण मेरीनं अजून मान वर केलेली नाही. ती वाचतेय. टेबलावरची मेणबत्ती नुकतीच विझलीय, धूर अजून वर जातोय. निरोप अजून सांगितलेला नाही.

डाव्या फळीवर ज्यांनी चित्र करवून घेतलं ते नवरा-बायको दाराबाहेर अंगणात गुडघे टेकून बसलेत. उजव्या फळीवर जोसेफ, मेरीचा होणारा नवरा. आपल्या सुतारकामाच्या दुकानात बसून तो एका फळीला भोकं पाडतोय. टेबलावर त्यानं बनवलेला उंदराचा सापळा आहे.

खोलीत एक पहारेकरी होता. काळा, पिकल्या केसांचा, निळ्या कोटातला माणूस. मी नाक चित्राला लावायच्या बेतात होते, म्हणून तो जवळ आला. "थोडं मागे, मॅम," म्हणाला. मग मी मागे सरकले तरी तो तिथेच थांबला.

"सगळे मधलं बघतात," तो म्हणाला. "मी सुताराकडे बघतो. पाठ गेली म्हणून इथे आलो, त्याआधी मीही तेच काम करायचो. भोकं बघा, सारख्या अंतरावर आहेत. ज्यानं हे काढलं त्यानं सुतार जवळून पाहिला होता."

"कुणी काढलं?" मी विचारलं. पाटीवर एक नाव होतं, पण त्यापुढे 'आणि कार्यशाळा' असं होतं.

"त्यावर इथल्या लोकांचं भांडण चालतं. एक म्हणतो गुरूनं काढलं, दुसरा म्हणतो शिष्यानं. मी रोज ऐकतो." तो गुरू फ्लँडर्सकडच्या, म्हणजे आताच्या बेल्जियममधल्या, कुठल्याशा गावात मोठी कार्यशाळा चालवायचा, असं त्यानं सांगितलं. घरी बायको असताना दुसऱ्या बाईबरोबर राहिला म्हणून गावानं त्याला हद्दपारीची शिक्षा दिली. एका मोठ्या घरातल्या बाईनं रदबदली केली म्हणून तो दंडावर सुटला. त्यानं सहीसुद्धा कुठे केलेली नाही. हे सगळं पहारेकऱ्यानं शेजाऱ्याच्या भानगडी सांगाव्यात तसं, आवाज खाली आणून सांगितलं. "आणि ती डावीकडची बायको मागाहून घातलीय. आधी नवरा एकटाच होता. लग्न झालं, मग जागा करून तिला बसवली."

हे विद्यानं ऐकलं. "म्हणून तिला दाराबाहेरच ठेवलीय," ती मराठीत म्हणाली.

पहारेकऱ्याला कळलं नाही. तो जोसेफकडे बोट दाखवत होता. "हा बिचारा बघा. पलीकडच्या खोलीत एवढं घडतंय आणि याला पत्ताच नाही. काम करतोय."

विद्या मागे वळली आणि भिंतीजवळच्या बाकावर बसली. मी तिच्याशेजारी गेले. ती चित्राकडेच पाहत होती.

"आई, मार्चमध्ये मी फिरायला आले नव्हते."

"परवा कळलं मला."

"दिवस गेले होते. चौथा संपून पाचवा लागलेला, तुम्हाला कळवणारच होतो. दुपारी घरात एकटी होते. लॅबमध्ये फोन केला, तर श्रीकांत आत होता, निरोप ठेवला. शेजारची बाई हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. तो आला तेव्हा सगळं झालेलं होतं. मग मावशीकडे आराम करायला आले."

मला आधी राग आला, हे खरं लिहिते. मला कुणी सांगितलं का नाही? मी आई ना? मी परकी का? "मला का नाही कळवलंस?" असं मी विचारलंसुद्धा.

"श्रीकांत म्हणाला, आईला सांगू नको. ती तिकडे एकटी, रडत बसेल." मग म्हणाली, "आणि तुमची पत्रं यायची. दर पंधरा दिवसांनी."

मी उठले. मला तिथे बसवेना. बाजूला खांबांनी वेढलेली बाग होती, मध्ये कारंजं, भोवती औषधी झाडं. मी त्या बागेला चार फेऱ्या मारल्या. पत्रांतली ती शेवटची ओळ मी कशी लिहायचे ते आठवत होतं. कागद संपत आला तरी तिच्यापुरती जागा राखून. मार्चनंतरही सहा-सात पत्रं गेली असतील. पीचवाल्या बाईला दिलेलं उत्तर आठवलं. आणि टोपडं. ते घेताना तिच्या हाताला काय झालं असेल.

परत आले तेव्हा विद्या तिथेच होती. पहारेकरी पाठ करून दाराशी उभा होता, मुद्दाम असं मला वाटलं. मी बसले. आल्याबरोबर विचारायला हवं होतं ते आत्ता विचारलं.

"फार दुखलं का गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हे कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. आणि मग सांगत राहिली, किती वेळ कोण जाणे. हॉस्पिटलच्या छताचा रंग, नर्सनं धरलेला हात, घरी आल्यावर श्रीकांतनं न बोलता धुतलेल्या चादरी. दुसऱ्या दिवशी तो कामाला गेला. त्यानंतर या विषयावर घरात एक शब्द नाही. मी मध्ये काही बोलले नाही. मला बोलायची सवय आहे, पण बोलले नाही. शाळेची मुलं रांगेनं आली, चित्र पाहून गेली. शेवटी मी म्हटलं, "ती पत्रं माझी चूक होती, विद्या." ती नाही म्हणाली नाही, आणि ते बरं झालं.

निघताना मी पुन्हा चित्रापाशी गेले. टॉवेल नीट पाहून घ्यायचा होता, वहीत उतरवायचा होता. पेन्सिल काढली, पण हात चालेना. तशीच निघाले.

परत कॅरी

बुधवारी परतीचा रस्ता बराच सोपा गेला. विद्या एका हातानं गाडी चालवायला लागली होती. मी ब्रेक दाबला नाही असं म्हणणार नाही, पण कमी दाबला.

संध्याकाळी पोचलो तर श्रीकांत घरी होता. गाडीतून वाफ आल्याचं त्याला फोनवर कळलं होतं. त्यानं लगेच गॅरेजमध्ये झाकण उघडलं आणि आत वाकून नळ्या चाचपायला लागला. विद्या बॅगा घेऊन घरात गेली. मी त्याच्यापाशी उभी राहिले.

"कसं होतं चित्र?" त्यानं वर न पाहता विचारलं.

"चांगलं होतं. श्रीकांत, विद्यानं मला सांगितलं."

त्याचे हात थांबले.  मला वाटलं चिडेल. त्याचे वडील चिडले की असेच गप्प व्हायचे.

"तुला त्रास होईल म्हणून..." तो म्हणाला.

"माझं सोड. तुझं काय?"

तो सरळ झाला. हात काळे झालेले, ते कुठे पुसावेत हे त्याला कळेना. "मी डॉक्टरांना विचारलं होतं," तो म्हणाला. "मुलगी होती."

मागे दार उघडं होतं. विद्या राहिलेली पिशवी घ्यायला आली होती आणि पायरीवर उभी होती.

"तुला माहीत होतं?" ती म्हणाली.

"हो."

"चार महिने?"

"तुला कसं सांगावं, कळत नव्हतं. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. मग लॅबमध्ये पळायचो."

तो तिथेच गॅरेजच्या पायरीवर बसला आणि रडला. लहानपणी पडला तेव्हासुद्धा मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. विद्या उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो रास्त होता. मग ती खाली उतरली आणि त्याच्याजवळ बसली, थोडं अंतर सोडून. माझे पाय त्यांच्याकडे ओढत होते. मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

पुढचे काही दिवस त्या घरात भांडणं झाली, मोठमोठ्यानं. भिंतीपलीकडून मला ऐकू यायची. फ्रिजच्या आवाजापेक्षा ती बरी होती. श्रीकांतनं एक आठवडा रजा घेतली. कुठे गेलो नाही, घरीच होतो.

मी निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. विद्यानं विचारलं, "आई, मुलगी झाली असती तर तुम्ही काय नाव ठेवलं असतं?"

माझ्याकडे नावं होती. तीन वर्षं गोळा करत होते, मुलींची, मुलांची, राशीप्रमाणे. तोंडाशी आलेलं मी गिळलं.

"ते तुम्ही ठरवा," मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. श्रीकांत म्हणाला, "आमचं ठरलंय." आणि विद्यानं ते नाव सांगितलं. ऐकायला फार गोड होतं. ते त्यांचं आहे, म्हणून इथे लिहीत नाही.